सात दिवसांचा हिशेब

उन्हाळ्याच्या सुट्टीत नात सोलापूरला आली की आम्हा दोघांचा एक उद्योग ठरलेला असतो. सीना नदीच्या पात्रातल्या गारगोट्या वेचायच्या आणि घरी पिंपात फिरवून गुळगुळीत करायच्या. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक तयार झाले, पाषाण झिजला तसे ते वाळूत आले. वरून मातकट दिसतात, घासले की आतले पट्टे उमटतात.

यंत्र साधेच आहे. आतून रबर लावलेले छोटे पिंप, खाली दोन रूळ आणि एक मोटर. (जन्मभर यंत्रमागावर जॉबर होतो, एवढे मला जमते.) पिंप दोन तृतीयांश दगडांनी भरायचे, कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचे. पहिल्या टप्प्यात ६० ते ८० नंबरची जाड पूड, मग २२०, मग ५००, आणि शेवटी चकाकीसाठी अॅल्युमिनियम ऑक्साइड. प्रत्येक टप्प्याला साधारण सात दिवस, रात्रंदिवस. वीज गेली तर तेवढे तास पुढे ढकलायचे. टप्पा बदलताना दगड आणि पिंप अगदी स्वच्छ धुवावे लागतात, कारण जाड पुडीचे चार कण राहिले तरी पुढे चरे पडतात. गाळ मोरीत ओतू नये, सिमेंटसारखा बसतो. हे मी एकदा ओतूनच शिकलो.

गेल्या वर्षी नात परत जाण्याआधी दगड तयार व्हायला हवे होते. पहिल्या टप्प्याच्या सातव्या दिवशी पिंप उघडले. बरेच दगड गोल झाले होते, पण काहींत चीर तशीच होती. ती म्हणाली, "आजोबा, हे अजून झाले नाहीत." मी म्हणालो, "सात दिवस झाले ना? चल पुढे." शेवटी दगड चमकले खरे, पण चिरांत पांढरी पूड बसली ती कायमची. आणि त्यांच्यात एक मऊ पांढरा दगड होता, तो पहिल्याच आठवड्यात निम्मा झिजून गेला होता. खरी गोष्ट अशी की पुढच्या टप्प्यांना सात दिवसांचे माप बहुधा लागू पडते. पहिल्याला ते पडत नाही. आकार द्यायचे आणि चिरा घालवायचे काम तिथेच होते. कुणाला एक आठवडा पुरतो, कुणाला तीन लागतात. चकाकीची पूड चीर बुजवत नाही, चिरेसकट चमकवते.

सगळ्यांना सारखे सात दिवस, हा न्याय आहे असे वाटते. मलाही वाटत असे. कारखान्यात नवी मुले माझ्या हाताखाली शिकायला येत. प्रत्येकाला तीन महिने. एका मुलाचा हात तुटलेला धागा जोडताना अडखळायचा. तीन महिने भरले त्या दिवशी मी मालकांना सांगितले, "याला जमणार नाही." तो गेला. मी पक्षपात केला नाही, याचे मला समाधान होते. त्याचा हात नेमका कुठे अडतो हे मात्र मी जवळ बसून कधी पाहिले नाही. तारीख तेवढी पाहिली. तारीख पाहायला कष्ट पडत नाहीत.

मग मुदतच नको का? तसेही म्हणता येत नाही. दगड पहिल्या टप्प्यातच ठेवत गेलो तर चीर जाते, पण दगडही जातो. खूप खोल चीर असेल तर तो बाजूलाच काढावा लागतो. मालकांनाही मागावर माणूस हवा होता, त्यांचीही अडचण खरी होती. लूकच्या शुभवर्तमानात अंजिराच्या झाडाचा दृष्टांत आहे. माळी धन्याकडे आणखी एक वर्ष मागतो, आणि त्यानंतर फळ आले नाही तर झाड तोडावे हेही मान्य करतो. पण त्या वर्षात आपण भोवती खणू, खत घालू असे तो आधी सांगतो. मी त्या मुलासाठी एक महिना जास्तीचा मागितला असता तर मालकांनी दिलाही असता. मागितलाच नाही. तो पुढे कुठे गेला, मला ठाऊक नाही.

यंदा मे महिन्यात सातव्या दिवशी आम्ही पिंप उघडले. नातीने एकेक दगड धुतला, कोरडा होऊ दिला (ओल्या दगडात चीर दिसत नाही) आणि उन्हात फिरवून पाहिला. अकरा दगड वेगळ्या डब्यात ठेवले. पाच परत पिंपात गेले, पिंप भरायला सोबत नवे घातले. सहाव्यावर ती बराच वेळ अडून बसली. चीर खोल होती, पण कडेला तांबूस पट्टा सुंदर होता.

"याला किती दिवस, आजोबा?"

"रविवारी उघडू, मग बघू."

तिची गाडी शुक्रवारची होती. जाताना मला बजावून गेली की मिस्साहून आल्यावर आधी पिंप उघडायचे, आणि तिला फोन केल्याशिवाय तो दगड बाजूला काढायचा नाही.