सातवी आज्ञा की आठवी?

आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुले-मुली उच्च शिक्षणासाठी परदेशी जात आहेत. कुणी कॅनडाची वाट धरतात, कुणी आयर्लंडची. त्यांतील बरेचजण संगणकशास्त्र निवडतात आणि संकेतस्थळे घडविण्याचा, म्हणजेच वेब डेव्हलपमेंटचा विषय त्यांच्या वाट्याला येतो. वरकरणी केवळ तांत्रिक वाटणाऱ्या या विषयाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम उचलून आपल्या स्वाध्यायात घालणे ही चोरी आहे काय?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही; कारण वेब ही मुळातच एक देणगी आहे. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली तिची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने तिचे सॉफ्टवेअर कोणतेही शुल्क न आकारता सर्वांसाठी खुले केले. ती वृत्ती पुढेही टिकली. ब्राउझरमध्ये उघडलेल्या कोणत्याही पानामागचे एचटीएमएल आजही पाहता येते. कित्येकांनी ही विद्या अशीच, दुसऱ्यांची पाने वाचून आत्मसात केली. जेक्वेरी, रिअ‍ॅक्ट यांसारखी तयार साधने एमआयटी परवान्याखाली मिळतात. ती कुणीही घ्यावीत, बदलावीत, विकावीतही. अट एवढीच की, मूळ कर्त्याच्या हक्काची नोंद पुसली जाऊ नये.

ज्याने दिले, त्याने स्वखुशीने दिले आहे. तेव्हा सातव्या आज्ञेचा भंग येथे सहसा होत नाही. मग विद्यापीठे या बाबतीत इतकी कठोर का? आयर्लंडने २०१९ साली कायदा करून विद्यार्थ्यांना स्वाध्याय लिहून देण्याचा धंदा करणाऱ्यांवर खटला भरण्याची तरतूद केली. १९९४ साली निर्माण झालेली मॉस नावाची प्रणाली तर, नावे आणि शब्द बदलले तरी दोन प्रोग्रॅममधील साम्य हुडकून काढते. चोरी नसेल, तर हा पहारा कशासाठी?

आमच्या मते उत्तर आठव्या आज्ञेत आहे. ग्राहक संकेतस्थळ मागतो, तेव्हा त्याला संकेतस्थळच हवे असते. शिक्षक ते मागतात, तेव्हा त्यांना संकेतस्थळ नको असते. त्यांना एक प्रश्न विचारायचा असतो: 'तुला हे येते का?' विद्यार्थी जे सादर करतो ते या प्रश्नाचे उत्तर होय. म्हणूनच ती एक साक्ष होय. न येणारी गोष्ट येते असे भासविणे ही खोटी साक्ष ठरते. मग तिच्यातील प्रत्येक ओळ फुकट आणि परवानगीने मिळालेली का असेना! संत थॉमस अक्वायनस यांनी चोरीची व्याख्या करताना परकी वस्तू 'गुप्तपणे' घेण्यावर भर दिला आहे. येथे वस्तू परकी उरलेली नाही, गुप्तता मात्र उरली आहे.

यावर तरुणांचा एक आक्षेप ठरलेला असतो: 'उद्या नोकरीत आम्ही तयार साधनेच वापरणार, मग वर्गात का नको?' आक्षेप प्रामाणिक आहे, परंतु कार्यालयाला काम हवे असते आणि वर्गाला काम करणारा घडवायचा असतो, हा भेद त्यात हरवतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, तेव्हापासून तर हा भेद अधिकच महत्त्वाचा झाला आहे. यंत्राने लिहून दिलेला प्रोग्रॅम आपला म्हणून सादर केला, तर 'कुणाचे काय चोरले?' या प्रश्नाला उत्तरच सापडत नाही. केवळ सातव्या आज्ञेवर विसंबणारा येथे निरुत्तर होतो. आठवी आज्ञा मात्र जागची हललेली नाही.

याचा अर्थ कुणाकडून काही घेऊच नये, असा नव्हे. शिक्षकांनी दिलेल्या मुभेत राहून, जे घेतले ते कोठून घेतले हे प्रोग्रॅममध्येच टिप्पणीच्या एका ओळीत लिहिता येते. ती ओळ म्हणजे कबुली आणि कृतज्ञताही. या बाबतीत आपल्यापुढे एक थोर उदाहरण आहे. इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स परक्या भूमीवर परकी भाषा शिकले. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी त्यांनी येथल्याच मातीतला ओवी छंद घेतला. तो लपवून घेतला नाही. ज्या मराठीकडून घेतले तिची थोरवी त्यांनी त्याच ग्रंथात मुक्तकंठाने गाइली.

तथापि सारा दोष मुलांच्या माथी मारून आम्हांस मोकळे होता येणार नाही. आयर्लंडमध्ये विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येते. त्या मिळकतीत घरभाडे भागवायचे, रात्री दुकानातून परतल्यावर स्वाध्याय पुरा करायचा. आणि मनात सतत एकच विचार, घरी बापाने कर्ज काढले आहे, कदाचित वाडीही गहाण पडली आहे. असा मुलगा दुसऱ्याचे उचलतो तो बहुधा आळसाने नव्हे, भीतीने. ती भीती त्याच्याबरोबर विमानात बसते, ती आपल्याच घरातून.

म्हणून वाचक पालकांना आमची एक विनंती आहे. मुलाला निरोप देताना आपण त्याच्यासाठी प्रार्थना करतो, धर्मगुरूंचा आशीर्वाद घेतो. त्याच वेळी त्याला हेही स्पष्ट शब्दांत सांगावे की, एखाद्या विषयात नापास झालास, तर तसे फोनवर सांग. कर्जाचे आपण मिळून पाहू. खरे बोलण्याची किंमत घर उचलणार आहे, अशी ज्याची खात्री आहे, त्याला खरे बोलणे पुष्कळ सोपे जाते.