सावलीचा न्याय

मुसळधार पाऊस आणि भरतीची वेळ एकत्र आली, की परळ-लालबागचा मनुष्य उंबरठा ओलांडण्यापूर्वी एकच चौकशी करतो : हिंदमातेला पाणी भरले काय? या प्रश्नाचे उत्तर आभाळात जितके आहे तितकेच इतिहासात आहे. मुंबई ही मूळची सात बेटांची. बेटांमधील सखल खाजणात भरतीचे पाणी येई व जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीच्या खिंडीस बांध घातला गेला, पुढे भरावावर भराव पडत गेले आणि पाण्याच्या जागी वस्ती उभी राहिली. जमीन मात्र सखलच राहिली.

या दुखण्यावर अलीकडे जो इलाज सुचविण्यात येतो, त्यास निसर्गाधारित उपाय म्हणतात. पाणी केवळ गटारांनी व पंपांनी समुद्रात लोटण्याऐवजी ते मोकळ्या मातीत जिरवावे, तळ्यांत साठवावे. उन्हाचा ताप वृक्षांच्या छायेने कमी करावा, असा त्याचा मथितार्थ आहे. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हवामान कृती आराखड्यातही हिरवाईस स्वतंत्र स्थान दिलेले आहे. उपाय चांगला आहे, याविषयी आमचा वाद नाही. आमचा प्रश्न निराळा व अंमळ अवघड आहे. असा उपाय सफल झाला हे कोणी, आणि कोणत्या मापाने ठरवावयाचे?

सर्वांत सोपे माप गणतीचे. रोपे किती लावली, ती जगली किती, हे मोजता येते. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीने थोडक्या जागेत दाट झाडी वाढविण्याचा प्रघात आता मुंबईतही पडला आहे, आणि तिची गणती डोळ्यांत भरण्याजोगी असते. परंतु अशी झाडी एखाद्या चाळीच्या चौकात लावून भोवती कुंपण घातले, तर काय होईल? त्याच चौकात मुले खेळतात, वाळवणे पडतात, गणपतीचा मांडव उभा राहतो, लग्नाच्या पंगती बसतात आणि अखेरचा निरोपही तेथूनच दिला जातो. एका खोलीत संसार करणाऱ्यास चौक म्हणजे घराचाच अर्धा भाग होय. तो गेला तर वहीत झाडे वाढली आणि मनुष्य मात्र अधिकच कोंडला, असे होईल. म्हणून रहिवाशांस आधी विचारणे हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. पाणी प्रथम कोणत्या पायरीला लागते, दुपारी कोणती भिंत तापते, हे ज्ञान त्यांच्याजवळच असते.

दुसरे माप याहून कठोर आहे. सावली पडेपर्यंत तिच्याखाली बसणारा तेथे उरतो काय? १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. हवा, उजेड व रुंद रस्ते हा त्याचा हेतू खचित स्तुत्य होता. ट्रस्टाने कामगारांसाठी चाळी बांधल्या हेही खरे. तथापि दाट वस्त्या पाडल्यावर विस्थापित झालेले कित्येक गरीब लोक शेजारच्या गल्ल्यांत दाटीवाटीने शिरले. आणि दादर-माटुंग्याकडील बागा व वृक्षांच्या रांगा मुख्यतः मध्यमवर्गाच्या वाट्यास आल्या. आपणांपैकी अनेकांचे बालपण त्याच झाडांखाली गेले आहे. ते सुख खोटे नव्हते. पण ते सर्वांच्या वाट्यास आले नाही, हे स्मरण ठेवणे आपले कर्तव्य आहे.

गिरण्यांच्या जमिनींची कथा तर अगदी दाराशीच घडली. १९९१ च्या नियमाने, गिरणीच्या जमिनीचा विकास व्हावयाचा असल्यास स्थूलमानाने एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी व तितकाच सार्वजनिक घरांसाठी द्यावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. इमारतींखालील जमीन तीतून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य धरली. तिच्या समर्थकांचे म्हणणे असे, की कामगारांची देणी व गिरण्यांचे पुनरुज्जीवन यांसाठी पैसा याच जमिनीतून उभा राहावयाचा होता. हे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. ज्याची मजुरी थकली आहे, त्याचे पोट सावलीने भरत नाही. परंतु देणे एकदा फिटते, गेलेली जमीन मात्र परत येत नाही. पुढे हिंदमातेचे पाणी साठविण्यासाठी पालिकेस भूमिगत टाक्या बांधाव्या लागल्या, त्या परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली. टाक्या सिमेंटच्या खऱ्या. पण त्या खणावयास मैदान शिल्लक असावे लागले. मोकळ्या भूमीचे मोल त्या दिवसाच्या बाजारभावाने का ठरवू नये, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

गरिबास आधी घर द्या, बागेचे मागाहून पाहू, असे कोणी म्हणेल. परंतु तळमजल्यात शिरणारे पाणी आणि तापलेला पत्रा हेही त्याच्या घराचेच प्रश्न आहेत. घर व झाड यांत वास्तविक वैर नाही. दोहोंस जागा कमी पडते, ती कोणाच्या वाट्यातून घ्यावयाची, येथे खरा तंटा आहे. आणि आजवर ती बहुधा ज्याचा आवाज क्षीण त्याच्याच वाट्यातून घेतली गेली.

यास्तव आमचे माप असे. उपाय केल्यावर दहा वर्षांनी गल्लीतल्या सर्वांत सखल खोलीत जावे. जमीन कोरडी आहे काय, ते पाहावे. मग आत राहणारे कुटुंब तेच आहे, की भाडे न परवडल्याने दूर गेले, याची विचारपूस करावी. कुटुंब तेच असेल आणि जमीन कोरडी असेल, तर बाहेरची झाडे मोजावयास हरकत नाही.