बदललेले इंजिन आणि मालकीची हद्द

गाडीत दुसरे इंजिन बसवले तर ती गाडी तीच राहते का, हा प्रश्न वरवर गॅरेजमधल्या मिस्त्रीचा वाटतो. आम्हांला तो नीतीचाही वाटतो. आरसी बुकात दोन क्रमांक असतात, एक चासीचा, दुसरा इंजिनाचा. देह आणि प्राण म्हणा हवे तर. प्राण बदलला तर माणूस तोच राहतो का, याचा खल तत्त्वज्ञांनी पुष्कळ केला आहे. पण तो बंद खोलीत चालतो. गाडी रस्त्यावर चालते, आणि रस्ता एकट्याचा नसतो.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात जीपपासून करावी लागते. जीप बनवणारी कंपनी १९४५ साली निघाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होते. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये इथल्या पाटीवर 'महिंद्र अँड महिंद्र' आले. नाव अर्धे बदलले, कंपनी तीच राहिली. जीपचे उलटे झाले. नाव तेच राहिले, इंजिन बदलत गेले. मूळची विलीज जीप पेट्रोलवर चाले. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा पुढे कंपनीनेच तिच्यात डिझेल इंजिन घातले. १९८०च्या दशकात प्यूजो बनावटीचे २११२ सीसीचे आले. ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल जीप होती, त्यांनी तेच काम गॅरेजात करून घेतले. म्हणजे मालकाने केला तो गुन्हा आणि कंपनीने केली ती सुधारणा, इतके सरळ हे प्रकरण नाही.

डिझेलच का? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच तेल पेट घेते. कमी फेऱ्यांवर ओढ जास्त मिळते. जव्हार-मोखाड्याच्या चढावर भरलेली जीप पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये न गुरगुरता वर नेणाऱ्याला ही ओढ म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावे लागत नाही.

त्याच भागातले वावर-वांगणी हे नाव साऱ्या महाराष्ट्राला कळले ते १९९२-९३ मध्ये, कुपोषणाने शंभरावर मुले दगावली तेव्हा. (तेव्हा जिल्हा ठाणे होता, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला.) गाडी नव्हती म्हणून मुले गेली, असे म्हणणे सोपे आणि खोटे ठरेल. घरात धान्य नव्हते, हाताला काम नव्हते, म्हणून ती गेली. पण आजारी मूल पदराखाली घेऊन जव्हारच्या कुटीर रुग्णालयापर्यंत पोचायचे, तर चढ चढणारे काहीतरी दारापर्यंत यावे लागते. अशा रस्त्यावर भंगारातले डिझेल इंजिन बसवून जीप चालवणारा माणूस आम्हांला लगेच दोषी म्हणवत नाही.

दुसरा माणूस शहरातला. त्याला आजच्या गाडीत डिझेल हवे आहे. मारुतीची जिम्नी जून २०२३ मध्ये विक्रीला आली ती फक्त पेट्रोलवर. मारुतीने डिझेल गाड्या एप्रिल २०२० पासूनच बंद केल्या होत्या. अशा गाडीत दुसरे इंजिन घालायचे तर फाउंडेशन नवे, गिअरबॉक्सशी जोड नवी, पुढच्या चाकांवर वजन जास्त. आणि गाडीतल्या संगणकाला या परक्या पाहुण्याची ओळख पटवावी लागते. हे कसब आहे, त्याचे आम्हांला कौतुकही आहे. पण १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, आणि तेव्हापासून नव्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. भंगारातल्या जुन्या इंजिनाबरोबर तो येत नाही. मग कागदावर स्वच्छ पेट्रोल गाडी आणि नळीतून जुना काळा धूर, अशी जोडी जमते. खोटेपणा इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलच्या धुराला २०१२ मध्येच कर्करोगकारक ठरवले. शनिवारी दाभोसा धबधबा पाहायला आलेल्याचा धूर रविवारी परत जात नाही.

शिवाय डिझेल अनेक वर्षे स्वस्त होते ते शेती आणि मालवाहतुकीसाठी, सरकारी तिजोरीतून. दरनियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठले. तोवर त्या स्वस्ताईचा वाटा हौशी गाड्यांनीही खाल्ला, त्याचा हिशेब कुणी मागितला नाही.

गरजेने केलेल्या बदलाला धूर कमी येतो का? नाही येत. वांगणीच्या मुलाच्या छातीला दोन्ही सारखेच. म्हणून 'गरीब आहे, जाऊ द्या' हे उत्तर आम्हांला पुरत नाही. अपघात झाला आणि विमा कंपनीने इंजिनाचा क्रमांक जुळत नाही म्हणून वाद घातला, तर जखमींच्या घरच्यांनी कुणाकडे जायचे? मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ असा बदल परवानगीने करा म्हणते. परवानगीविना इंजिन बदलले तर १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवा म्हणते. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षाही आली, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड. शहरातल्या हौशी माणसाला पाच हजार म्हणजे एका सहलीचा खर्च, जीपवाल्याला कित्येक दिवसांची कमाई. आणि खरे सांगायला जायचे तर त्याला जव्हारचा डोंगर उतरून वसई-विरारच्या बाजूला जावे लागते. तेवढा दिवस जीप उभी, आणि त्या दिवशी ज्यांना दवाखान्यात जायचे असेल तेही उभे.