दुसऱ्याच्या वतीने होकार

उपवासकाळातील एका शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपून आम्ही सॅक्रिस्टीचे दार लावीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक वयस्क भगिनी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आल्या. त्यांचे यजमान गेली चार वर्षे स्मृतिभ्रंशाने आजारी आहेत. एके काळी चर्चच्या गायनवृंदात व्हायोलिन वाजविणारा हा गृहस्थ आता ताटावरून उठल्यावर घटकाभरात 'मला कुणी जेवायलाच दिले नाही' अशी तक्रार करतो. मुंबईतील एका रुग्णालयात त्या आजारावरील नव्या औषधाची चाचणी चालू होती आणि तिच्यात त्यांना घ्यावे काय, असे डॉक्टरांनी विचारले होते. संमतिपत्र सोळा पानांचे होते. शेवटच्या पानावर रुग्णाच्या सहीची जागा होती आणि तिच्याखाली 'रुग्णाच्या वतीने' अशी आणखी एक.

"फादर, ह्यांच्या मेंदूवर औषध करून बघा, असं सांगणारी मी कोण? आणि नको म्हणणारी तरी मी कोण?"

आम्ही म्हटले, "मावशी, दोन दिवस द्या. वाचून सांगतो."

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला ह्या विषयावर आम्ही पानेच्या पाने उतरवून घेतली होती; परंतु हातात पेन घेऊन कुणी समोर उभे राहिले की त्या वह्या फारशा कामी येत नाहीत. शिवाय संमतिपत्रातील मराठी असे की, ते वाचताना आम्हालाच दोनदा मागे जावे लागत होते; जिला त्यावर सही करावयाची होती तिचे शिक्षण सातवीपर्यंतचे.

ह्या दोन आठवड्यांत एका माणसाची कथा आमच्या मनात सारखी घोळत राहिली. हेन्री मोलेसन हे त्याचे नाव. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात १९२६ साली तो जन्मला. बालवयातच त्याला अपस्माराचे झटके येऊ लागले, कुमारवयात ते बळावले, आणि पुढे पुढे औषधांना दाद देईनासे झाले. हाती घेतलेले कामही धड करता येईना. १९५३ साली, तो सत्तावीस वर्षांचा असताना, हार्टफर्ड येथील शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलांच्या आतील अंगाचा काही भाग काढून टाकला. हिप्पोकॅम्पस नावाच्या अवयवाचा बराचसा भाग त्यात गेला. झटके कमी झाले. मात्र त्या दिवसानंतर हेन्रीच्या मनात नवे काही टिकेनासे झाले. रोज भेटणारा माणूस त्याला रोज नवा. वाचलेले मासिक तो पुन्हा तितक्याच उत्सुकतेने वाचायला घेई.

माँट्रियलहून ब्रेंडा मिल्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ त्याला तपासावयास येऊ लागल्या. एकदा त्यांनी त्याच्यापुढे चांदणीची आकृती ठेवली आणि आपला हात केवळ आरशात पाहून तिच्या दुहेरी रेघांमधून पेन्सिल फिरविण्यास सांगितले. आरशात सारे उलटे दिसत असल्याने हे काम कुणालाही सुरुवातीला अवघड जाते. हेन्रीलाही गेले. परंतु तीन दिवसांच्या सरावात त्याचा हात सफाईने फिरू लागला. आश्चर्य असे की, आपण हे पूर्वी कधी केले आहे, हे त्याला प्रत्येक वेळी ठाऊकच नसे. हाताला आठवत होते, माणसाला आठवत नव्हते! घडलेल्या गोष्टींची स्मृती निराळी आणि हाताला जडलेल्या कौशल्याची निराळी, हे सत्य त्या चांदणीने जगापुढे ठेवले. स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा १९५७ सालचा निबंध आज मेंदूशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. स्मृतिभ्रंशाविषयी डॉक्टर आज जे काही जाणतात, त्यातील पायाचे कितीतरी दगड हेन्रीच्या हानीतून आले आहेत.

तो २००८ साली, ब्याऐंशीव्या वर्षी वारला. पंचावन्न वर्षे शास्त्रज्ञ त्याच्याकडे येत राहिले. सुझान कॉर्किन या विदुषींनी तर चार दशकांहून अधिक काळ त्याचा अभ्यास केला. त्याने कधी कुणाला झिडकारले नाही. त्याचे खाजगीपण जपण्यासाठी मृत्यूपर्यंत जग त्याला 'एच. एम.' ह्या दोन अक्षरांनीच ओळखत होते. मृत्यूनंतर सॅन डिएगो येथे त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून जतन करण्यात आले.

आता ह्या कथेत संमती कुठे होती? होती, हे आधी सांगितले पाहिजे. ही शस्त्रक्रिया उघडउघड प्रायोगिक होती आणि हेन्री व त्याचे कुटुंब यांच्या मान्यतेनेच ती झाली, असे शल्यविशारदांनी स्वतः नोंदविले आहे. त्यांना खलनायक ठरविणे सोपे आहे, पण आम्हाला ते पटत नाही. त्या तरुणाचे झटके थांबावेत, ही इच्छा खरी होती, आणि अशी शस्त्रक्रिया कुणी करू नये, असा इशाराही त्यांनीच पुढे दिला. परंतु ज्या परिणामाची कुणालाच कल्पना नव्हती, त्याला होकार तरी कसा देता येईल? हेन्रीपूर्वी अशा शस्त्रक्रिया झाल्या होत्या त्या प्रामुख्याने मनोरुग्णांवर. त्यांच्या स्मृतीचे काय झाले, याची पद्धतशीर तपासणी मात्र हेन्रीनंतरच झाली. वेड्या माणसाला काय आठवते आणि काय नाही, हे विचारण्याची तोवर कुणाला गरजच वाटली नव्हती. हेन्रीच्या हानीइतकीच ही गोष्ट आम्हाला टोचते.

आणि पुढच्या अर्धशतकाचे काय? १९९२ साली न्यायालयाने हेन्रीसाठी पालक नेमला. त्याआधी काही वर्षे तो स्वतःच संमतिपत्रांवर सह्या करीत असे. सही वाळते न वाळते तोच कशावर सही केली हे विसरणारा माणूस! कायद्याच्या दृष्टीने त्या सहीचे जे काही मोल असेल ते असो.

ह्या शस्त्रक्रियेच्या एकच वर्ष आधी, सप्टेंबर १९५२ मध्ये, मज्जासंस्थेच्या सूक्ष्म रचनेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद रोम येथे भरली होती. तिच्या प्रतिनिधींपुढे पोप बारावे पायस यांनी ह्याच प्रश्नावर प्रदीर्घ भाषण केले. शास्त्राचे हित, रुग्णाचे हित आणि समाजाचे हित, अशी तीन कारणे संशोधनासाठी पुढे केली जातात. पोप महाशयांनी तिन्हींना मान दिला आणि तिन्हींना मर्यादा घातली. रुग्णाने दिलेल्या अधिकारापलीकडे डॉक्टरला कोणताच अधिकार नाही. आणि रुग्णही आपल्या देहामनाचा निरंकुश मालक नसल्याने, ज्या उपायाने त्याचे स्वातंत्र्य कायमचे नष्ट होईल अशा उपायाला तोसुद्धा परवानगी देऊ शकत नाही. हात शरीरासाठी असतो, तसा माणूस समाजासाठी नसतो. म्हणून अनेकांच्या भल्यासाठी एकाला कापण्याचा अधिकार समाजाला नाही. मानवी देहावरील अत्याचारांबद्दल न्युरेंबर्ग येथे डॉक्टरांवर चाललेला खटला १९४७ साली संपला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या शब्दांचे वजन कळते. मात्र त्याच भाषणात एक गोष्ट अशीही आहे, जी आम्ही धर्मगुरू सांगावयास विसरतो : सर्व धोका आधी नाहीसा करा आणि मगच संशोधन करा, असे म्हटले तर संशोधनच खुंटेल, हे पोप महाशयांनी मान्य केले होते.

ते का खुंटू नये, याचे एक उदाहरण आम्हाला हेन्रीच्या कथेइतकेच अस्वस्थ करते. डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेल्यांना स्टेरॉईडची इंजेक्शने देण्याची पद्धत तीस वर्षांहून अधिक काळ अनेक देशांत चालू होती. मेंदूतील गाठीभोवतीची सूज ह्या औषधाने उतरते, तेव्हा अपघाताची सूजही उतरत असेल, असा तर्क होता. तर्क चांगला, हेतूही चांगला. १९९९ साली 'क्रॅश' नावाची एक चाचणी सुरू झाली. ४९ देशांतील २३९ रुग्णालयांत चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे निम्म्या जखमींना खरे औषध आणि निम्म्यांना औषधासारखे दिसणारे निरुपद्रवी द्रव देण्यात आले. १०,००८ जखमींनंतर, २००४ साली, ती थांबवावी लागली. दोन आठवड्यांच्या आत औषध मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले होते. न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. शंभरामागे तीन माणसे अधिक! म्हणजे तीस वर्षे बहुतेक डॉक्टर प्रयोग करीत नव्हते, केवळ 'उपचार' करीत होते, आणि त्या उपचाराने न मोजता येणारी माणसे मरत होती. कुणाच्याही सदसद्विवेकबुद्धीला टोचणी नव्हती, कारण कुणी पुरेसे मोजलेच नव्हते.

त्या चाचणीतील जखमी होकार देण्याच्या स्थितीत कसे असणार? शुद्धच हरपलेली किंवा अर्धवट. ज्यांच्या आप्तांनी 'नको' म्हटले असते, ते सुरक्षित राहिले असते काय? त्यांना कदाचित तेच इंजेक्शन नेहमीचा उपचार म्हणून मिळाले असते. 'आमच्या माणसाला प्रयोगशाळेतला उंदीर करू नका', हे वाक्य आम्ही धर्मग्रामात अनेकदा ऐकले आहे, आणि पूर्वी त्याला मानही डोलावली आहे. आता डोलवीत नाही.

तर मग दुसऱ्याच्या वतीने होकार देता येतो काय? १९७० च्या दशकात ह्यावर अमेरिकेत दोन नीतिशास्त्रज्ञांमध्ये मोठा वाद झाला. मेथॉडिस्ट पंथाचे पॉल रॅम्झी म्हणत : ज्याला स्वतः होकार देता येत नाही, अशा बालकाला त्याचा लाभ नसलेल्या प्रयोगात घालणे म्हणजे त्याचा केवळ साधन म्हणून वापर करणे होय. येशूसंघीय धर्मगुरू रिचर्ड मॅककॉर्मिक म्हणत : धोका नगण्य असेल तर होकार देता येतो, कारण इतरांच्या भल्यात थोडा वाटा उचलावा, असे प्रत्येक माणसाला वाटलेच पाहिजे. सेमिनरीत असताना आम्ही अर्थातच येशूसंघीयांच्या बाजूने होतो. आज तितकी खात्री राहिलेली नाही. माणसाने उदार असावे, हे खरे. पण दुसऱ्याच्या खिशातून दानधर्म करणाऱ्याला आपण उदार म्हणत नाही.

मात्र ह्या वादात आम्हाला एक उणीव जाणवते. सही करणारा हात कुणाचा, हे दोघांनीही पुरेसे पाहिले नाही, असे आमचे मत आहे. दुसऱ्याच्या वतीने होकार देण्याचा एक जुना प्रकार आपल्या परिचयाचा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी तान्ह्या बाळाच्या वतीने आईवडील आणि धर्ममाता-धर्मपिता उत्तरे देतात. बाळाला त्यातले काही कळत नाही. परंतु त्या उत्तराने बांधले कोण जाते? बोलणारेच बांधले जातात. समारंभ आटोपून, जेवून घरी गेलेल्या धर्मपित्याची जबाबदारी तेथे संपत नाही. निदान संपू नये. बाप्तिस्मा ही बाळाला मिळणारी देणगी आहे आणि औषधाची चाचणी तशी नव्हे, हा फरक आम्ही विसरत नाही. उलट, लाभ अनिश्चित असल्यामुळे बोलणाऱ्याचे बंधन तेथे अधिकच घट्ट व्हावयास हवे. मूल तरी मोठे होऊन दृढीकरणाच्या वेळी स्वतःच्या तोंडाने उत्तर देते. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण उलट दिशेने चाललेला असतो. त्याचे उत्तर पुढे मिळणार नाही. ते मागे, त्याच्या जगलेल्या आयुष्यातच शोधावे लागते, आणि तेथे त्याच्यासोबत जगलेला माणूसच जाऊ शकतो.

नियमांनीही हे थोडेसे ओळखलेले दिसते. जागतिक वैद्यक संघाच्या १९६४ च्या हेलसिंकी घोषणापत्रात वेळोवेळी सुधारणा होत गेल्या. त्यानुसार आता कायदेशीर प्रतिनिधीची संमती असली तरी रुग्णाला जेवढे कळेल तेवढे सांगून त्याचीही अनुमती घ्यावी लागते, आणि त्याने नकार दर्शविला तर तो मानावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही रुग्णाच्या वतीने प्रतिनिधीने द्यावयाच्या संमतीची तरतूद आहे. आणि चाचणीतून केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येते.

दोन आठवड्यांनी आम्ही मावशींच्या घरी गेलो. व्हायोलिन कपाटावर होते, दोन तारा तुटलेले. आम्ही त्यांना सही करा किंवा करू नका, असे सांगितले नाही. एवढेच विचारले, "बरे असताना ह्यांना कुणी असे विचारले असते, तर काय म्हणाले असते?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "रक्त द्यायला बोलावलं की हे सायकल काढून जायचे. मी रागवायची. पण सुईला फार घाबरायचे हो, फादर. डोळे मिटून घ्यायचे."

पाठीच्या कण्यातून पाणी काढावयाची तपासणी त्या चाचणीत होती. ती आपल्या यजमानांवर करू नये, असे मावशींनी डॉक्टरांना सांगितले. त्यावाचूनही त्यांना चाचणीत घेता येईल काय, हे डॉक्टरांनी वरिष्ठांना विचारून आठवड्याने कळविले; घेता येत होते. मुलाशी कॅनडाला फोनवर बोलणे झाले आणि मावशींनी सही केली. सहीखाली जागा नसतानाही त्यांनी यजमानांचा अंगठा धरून त्यांनाही एक रेघ ओढू दिली. डॉक्टर काही बोलले नाहीत.

त्यानंतर महिन्यातून एकदा त्या त्यांना लोकलने मुंबईला नेतात. रक्त घेण्यापूर्वी दर वेळी विचारतात, "देऊ ना हात?" ते मान हलवितात. ऑगस्टमध्ये एकदा त्यांनी हात मागे ओढून कुशीत धरला. नर्सबाई म्हणाल्या, "दोन मिनिटांचं काम आहे, मावशी, तुम्ही धरा जरा." मावशींनी हात धरला नाही. आज राहू द्या, असे सांगून त्या त्यांना घेऊन परतीच्या गाडीत बसल्या.