सूक्ष्म आहे, म्हणून गप्प बसायचं?

न्यायदर्शनात दृष्टान्ताची कसोटी अशी सांगितली आहे: ज्या गोष्टीबद्दल सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांचंही एकमत असतं, तो दृष्टान्त. स्वयंपाकघरात धूर दिसला की विस्तव असतोच, यावर कुणी भांडत नाही. म्हणून त्याच्या आधारे डोंगरावरच्या अग्नीचं अनुमान करता येतं. महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’तही चक्रधरस्वामींच्या सूत्रासाठीच दृष्टान्त येतो आणि केशिराज दार्ष्टान्तिकात त्याचा अर्थ उलगडतात. तत्त्व आधीच ठरलेलं असतं.

याउलट, पदवीच्या वर्गात नीतिशास्त्र शिकवताना मी जिथे एकमत नाही अशी प्रकरणं निवडते. प्रत्यक्ष खटल्यांवरून कायदा शिकवण्याची पद्धत लँगडेल यांनी १८७०मध्ये हार्वर्डमध्ये सुरू केली. नीतिशास्त्राला ती मला अधिकच गरजेची वाटते.

माझ्या वर्गात दरवर्षी अरुणा शानबाग यांचं प्रकरण असतं. परळच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३मध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्याने अत्याचार केला. मेंदूला झालेली इजा कधीच भरून आली नाही. पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणाताईंचं अन्न थांबवावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. वर्षानुवर्षं त्यांना भरवणाऱ्या, पुसणाऱ्या केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला. इथवरचाच कागद मी मुलांना देते. निकाल देत नाही.

मग वर्ग बोलू लागतो. कुणी विनोबांचं नाव घेतं. १९८२मध्ये पवनारला त्यांनी अन्न-औषध सोडलं, ते आपण वंदनीय मानतो. मग इथे अडचण कसली? दुसरी मुलगी म्हणते, विनोबांनी स्वतः ठरवलं होतं, अरुणाताईंचं कोण ठरवणार? देह, इच्छा, करुणा हे शब्द तोवर पुस्तकात निपचित पडलेले असतात. या एका प्रश्नाने ते एकमेकांशी झगडू लागतात. सल्लेखना, इच्छामरण आणि हत्या यांतल्या सीमारेषा मुलं स्वतः आखू पाहतात.

एखाद्याचं दुःख असं अभ्यासाला घ्यावं का, हा आक्षेप मला खरा वाटतो. म्हणून माझी अट असते: ज्यांनी अरुणाताईंना भरवलं त्या परिचारिका समोर बसल्या आहेत असं समजून मत मांडायचं. उत्तरपत्रिकेत कौल कोणता, याला गुण नाहीत. आपल्या कौलाच्या विरुद्ध जाणारी सर्वांत भक्कम गोष्ट लिहिली आहे का, याला आहेत.

तासाच्या शेवटी बरेच जण म्हणतात, ‘दोन्ही बाजू बरोबर आहेत.’ ते मी मान्य करत नाही. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा धर्म सूक्ष्म आहे, असं सांगून भीष्म थांबले. त्यांचं म्हणणं खरंच होतं, पण त्यामुळे द्रौपदीची विटंबना टळली नाही. अरुणाताईंच्या प्रकरणात मात्र मार्च २०११मध्ये न्यायालयाने विराणी यांचा अर्ज फेटाळला, परिचारिकांचं म्हणणं मानलं आणि त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाला कडक अटींवर वाट करून दिली. तो निकाल चुकला असंही कुणी म्हणू शकेल, पण न्यायाधीशांनी कारणं देऊन, नावानिशी सही करून तो दिला. मे २०१५मध्ये अरुणाताई गेल्या, तोवर परिचारिकांना रोज सकाळी काहीतरी करावंच लागत होतं. धर्माची सूक्ष्मता ओळखूनही कारणांसकट निर्णय देणं आणि त्याची जबाबदारी घेणं, हे विद्यापीठात शिकवता येत नसेल तर नीतिशास्त्राचा तास कशासाठी ठेवायचा?