बहिणाबाई चौधरी

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला, महाजनांच्या घरी झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या खटल्यात आल्या. ऐन तिशीत वैधव्य आले. पदरात ओंकार, सोपानदेव आणि काशी. पहाटे जाते, मग चूल, मग उन्हातान्हात शेत. अक्षरओळख नव्हती, पण पीठ पडत असतानाच लेवा गणबोलीत ओवी जुळे. पेरणी, मळणी, सासर-माहेर, धुराने कोंडलेली चूल, सगळे तिच्यात येई. खरे तर कामाआड कविता नव्हतीच, कामातच होती. सोपानदेवांनी आणि आप्तांनी टिपले तेवढे वाचले. १९५१ मध्ये त्या वारल्या. पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापली गेली.