सातबाऱ्यात न मावणारा चिखल

ओहोटीच्या वेळी मुंबईतल्या भांडुप पंपिंग स्टेशनवरून ठाण्याच्या खाडीकडे चालत निघालं की पक्ष्यांच्या आधी वास भेटतो, सडक्या अंड्याचा. सोबत आलेले नाकाला रुमाल लावतात आणि म्हणतात, "गटार सोडतात ना इथे!" सोडतात, हे खरंच. पण हा वास सगळा गटाराचा नाही, खाजणाचा, म्हणजे भरतीखाली जाणाऱ्या या चिखलाच्या जमिनीचा, स्वतःचाही आहे. चिखलात बोटभर खाली गेलं की प्राणवायू संपतो. मग तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात आणि या वासाचा वायू सुटतो. प्राणवायू नसल्यामुळे गाडलं गेलेलं पान धड कुजतही नाही, त्यातला कार्बन वर्षानुवर्षं चिखलातच पडून राहतो.

खाजण घडतं ते पाण्याच्या आळसामुळे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांवरून पावसाळ्यात ओढे गढूळ होऊन उतरतात. त्यातल्या चिकणमातीचे कण इतके बारीक, की गोड्या पाण्यात तरंगतच राहतात. खारं पाणी भेटलं की ते एकमेकांना चिकटतात, जड होतात, तळाला बसतात. समोरून दिवसातून दोनदा भरती आपला गाळ आणते. ठाण्याची खाडी वरच्या अंगाला निमुळती, तिथवर समुद्राची लाट पोचत नाही, त्यामुळे बसलेला गाळ बराचसा बसूनच राहतो. थर चढत चढत ओहोटीला उघडा पडू लागला की तिवराच्या झाडाला पाय रोवायला जागा मिळते, आणि पुढचा कारभार तिवराचा. त्याची श्वासमुळं पेन्सिली उभ्या खोचल्यासारखी चिखलातून वर येतात. त्यांच्यातून जाताना पाणी मंदावतं आणि आणखी गाळ टाकून जातं. झाड आपल्या पायाखालची जमीन आपणच वाढवत असतं. तिवराच्या पानाला जीभ लावली तर ते खारट लागतं, कारण जास्तीचं मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. लहान मुलांना मी हे आवर्जून करायला लावतो. त्यांच्या आया माझ्यावर चिडतात.

तेवढ्यात एखादा निवटा कल्ल्यांत पाणी धरून चिखलावर सरकत येतो. मासा असून पाण्याबाहेर! आगरी-कोळी घरांत त्याचं कालवण आवडीने होतं. तो जमिनीवरचा की पाण्यातला, हा प्रश्न तिथे कुणाला पडलेला मी पाहिला नाही.

सरकारी कागदाला मात्र तो पडतो. ठाणे खाडी 2022 मध्ये पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, 6,521 हेक्टर. पण 2017 च्या केंद्रीय पाणथळ नियमांनी मीठ पिकवण्यासाठी माणसाने केलेली तळी व्याख्येतूनच वगळली आहेत. नियम करणाऱ्यांनी खाडी बहुधा ओहोटीलाच पाहिली असावी! भरतीला चिखल बुडतो तेव्हा त्यावर चरणारे पक्षी मागच्या तळ्यांत आणि मिठागरांच्या उथळ वाफ्यांत विसाव्याला येतात. म्हणजे पक्ष्याचा अर्धा दिवस पाणथळीत आणि अर्धा कायद्याबाहेर.

पक्षी बाजूला ठेवू, माणसांचं पाहू. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दुपारी 4.48 मीटरची भरती होती. भरती चढलेली असली की नाल्यांची तोंडं समुद्रच दाबून धरतो, पाऊस कितीही पडो. ते काही तास पाण्याला थांबायला जागा लागते. मिठी नदीच्या काठी ती उरली नव्हती, म्हणून पाणी लोकांच्या घरांत थांबलं. त्याच वर्षी 6 ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला बंदी घातली. तिवरं त्यामुळे बरीच वाचली. मिठागरांना तसं कवच मिळालं नाही.

वास्तविक पावसाला थांबवण्याचं काम त्यांच्याइतकं सोयीचं कुणाला जमणार? मीठ पिकतं ते कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात वाफे रिकामे, बांध शाबूत, पाणी साठतं. लहानपणी पूर्व द्रुतगती मार्गावर बसच्या खिडकीतून मिठाचे पांढरे ढीग दिसायचे, आणि पावसात त्याच जागी नुसतं आभाळ पडलेलं असायचं. आम्हीही तिला मोकळी जागाच म्हणायचो. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप आणि मुलुंडची सुमारे 256 एकर मिठागरं धारावीतल्या लोकांच्या घरांसाठी घ्यायला मंजुरी दिली. त्या लोकांना घर हवंच, त्यावर वाद घालणाऱ्यांत मी नाही. पण ज्यांनी धारावीत मिठीचं पाणी उंबऱ्याच्या आत पाहिलं, त्यांच्या नव्या इमारतीचा पाया पाणी साठण्याच्या जागेतच का घालायचा? भराव टाकून ती जागा उंच करता येईल. मग तिथलं पाणी शेजारच्या सखल वस्तीत जाईल, एवढंच.

परतताना भरती लागलेली असते. निवट्याची जागा बुडालेली, श्वासमुळांची टोकं तेवढी वर. मागे एकदा बांधावर उभं राहून मोबाईलमधला नकाशा उघडला, तर त्यात मी निळ्या रंगात, भर पाण्यात उभा होतो. चप्पल कोरडी होती.